नवजात मांजरपिल्लांचं वजन आणि तब्येत: पहिल्या आठ आठवड्यांत काय मोजायचं, काय पाहायचं

नवजात पिल्लाला आपलं आजारपण दाखवता येत नाही. मोठं मांजर खाणं सोडतं, कोपऱ्यात जाऊन बसतं, अंग चाटायचं थांबवतं, आणि त्यावरून आपल्या लक्षात येतं. तीन दिवसांच्या पिल्लाचे डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले आणि बहुतेक वेळ झोपेत गेलेला. पोटभर दूध मिळालेलं पिल्लू झोपतं, तसंच अशक्त झालेलंही झोपतं. वरवर पाहता दोघांत काही फरक नसतो. तो फरक ग्रॅममध्ये दिसतो आणि बाकीच्या लक्षणांच्या आधी दिसतो. शंभर ग्रॅमच्या जिवाकडे चरबीचा साठा नावालाच असतो, यकृतातली साखर काही तास दूध मिळालं नाही तरी संपत येते. त्यामुळे ‘उद्या सकाळपर्यंत बघू’ ही मुदत या वयात फार लांबची आहे.

काम अवघड नाही. एक काटा, एक वही, एक मऊ टोकाचा थर्मामीटर आणि रोजची दहा-पंधरा मिनिटं. मात्र काट्यावरचा आकडा एकटा वाचू नका. त्याच्या जोडीला पिल्लाचं अंग उबदार आहे की गार, हे प्रत्येक वेळी पाहायचं. वजन आणि ऊब या दोन गोष्टी मिळूनच खरं चित्र सांगतात, आणि पिल्लू मलूल दिसलं तर आधी काय करायचं हेही त्यावरूनच ठरतं.

काटा आणि वही

स्वयंपाकघरात पीठ-साखर मोजायला वापरतात तो डिजिटल काटा उत्तम. अट एकच, तो १ ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने आकडा बदलणारा काटा इथे कुचकामी आहे, कारण निरोगी पिल्लाची अख्ख्या दिवसाची वाढच दहा-पंधरा ग्रॅम असते. माणसांच्या काट्यावर पिल्लू हातात घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, हा प्रकार तर विसरूनच जा.

काट्यावर एक खोलगट वाडगा किंवा छोटा डबा ठेवा, तळाशी मऊ फडकं अंथरा आणि काटा शून्यावर आणा. फडकं आवश्यक आहे. गार स्टीलवर ठेवलेलं पिल्लू वळवळतं आणि तेवढ्यात त्याची ऊबही जाते. आकडा स्थिर होत नसेल तर वाडग्यावर हलकेच हात धरून अंधार करा, बहुतेक पिल्लं काही क्षणांत शांत होतात. हात वाडग्याला टेकू मात्र देऊ नका. शंका वाटली तर उचलून पुन्हा ठेवा. दोन्ही वेळा एक-दोन ग्रॅमच्या आत तोच आकडा आला की लिहून टाका.

वजन रोज ठरलेल्या वेळी आणि दूध पाजण्याआधी करायचं. सकाळी पोट रिकामं असताना ११० आणि संध्याकाळी पोटभर दूध पिऊन ११६, यातले सहा ग्रॅम वाढीचे नाहीत, दुधाचे आहेत. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने. मग चार आठवड्यांचं होईपर्यंत रोज एकदा. त्यानंतर आठवड्यातून दोनदा पुरतं. बाटलीवर वाढणारं, आजारी किंवा जन्मतःच लहान पिल्लू असेल तर ही सूट घेऊ नका.

एकसारख्या रंगाची चार काळी पिल्लं असतील तर ओळख कशी ठेवायची हा खरा प्रश्न असतो. गळ्यात दोरा किंवा रिबीन बांधण्याचा मोह होतो. पिल्लं इतक्या झपाट्याने वाढतात की सकाळी सैल वाटलेला दोरा पुढे आवळू शकतो, शिवाय आईचा दात किंवा भावंडाचा पाय त्यात अडकतो. त्यापेक्षा प्रत्येकाच्या अंगावरचे केस वेगळ्या जागी अगदी थोडे कातरा: एकाचे उजव्या खांद्यावर, एकाचे डाव्या मांडीवर, एकाचे शेपटीच्या बुंध्याशी. आई चाटून ही खूण पुसू शकत नाही.

वहीत प्रत्येक पिल्लाचं वेगळं पान करा. वेळ, वजन, मागच्या वेळेपासूनचा फरक, अंग उबदार की गार, शी-शू झाली का, आणि एका ओळीचा शेरा. बाटलीवर असेल तर किती मिली प्यायलं तेही. फरकाचा रकाना टाळू नका. नुसते आकडे एकाखाली एक लिहिले की सगळं ठीक वाटत राहतं. अधिक-उणे लिहायला लागलं की डोळे उघडतात.

आकडे किती असावेत

बहुतेक पिल्लं जन्मतः ९० ते ११० ग्रॅमच्या आसपास असतात. जातीप्रमाणे आणि एका वेळी किती पिल्लं झाली त्याप्रमाणे हे थोडं वर-खाली होतं. ७५-८० ग्रॅमच्या खालचं पिल्लू जोखमीचं समजा, ते दिसायला कितीही गुटगुटीत असलं तरी. त्याला आईच्या दुधाशी जास्त वेळा लावावं लागेल आणि त्याचं वजन दिवसातून तीन-चारदाही करावं लागेल.

जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत वजन किंचित उतरलं तर घाबरू नये. दुसऱ्या दिवसापासून मात्र काटा वरच जायला हवा, दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम. सात ते दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हावं, फार तर दोन आठवडे. ढोबळ टप्पे असे:

जन्म: ९० ते ११० ग्रॅम
१ आठवडा: १५० ते २०० ग्रॅम
२ आठवडे: २५० ते ३०० ग्रॅम
३ आठवडे: ३५० ते ४०० ग्रॅम
४ आठवडे: ४५० ग्रॅमच्या आसपास
८ आठवडे: ९०० ग्रॅमच्या आसपास

पुढे चार-पाच महिन्यांपर्यंत दर महिन्याला सुमारे ४५० ग्रॅम हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाचं वय काढायला मात्र हे टप्पे उलटे वापरू नका. उपाशी राहिलेलं तीन आठवड्यांचं पिल्लू वजनाने दीड आठवड्याचं भासेल. वय डोळे, कान आणि दातांवरून ठरवायचं. नाळ गळून पडते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. डोळे उघडतात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, कधी एक आधी आणि दुसरा नंतर. कान पहिल्या आठवड्याच्या शेवटी डोक्यापासून सुटू लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात ताठ उभे राहतात. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास हिरडीतून वर येतात, त्याच सुमारास लटपटत का होईना पण चालणं सुरू होतं. तीन आठवड्यांचे दात आणि दीड आठवड्याचं वजन अशी जोडी दिसली, तर तीच मोठी खबर आहे.

आकडा वाचायचा कसा

तक्त्याशी तुलना ही दुय्यम गोष्ट. पिल्लाची खरी तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी असते.

समजा, दोन भावंडं आहेत. पहिल्याचे रोजचे सकाळचे आकडे ९८, ९७, १०७, ११९, १३०, १४३. दुसऱ्याचे १०४, १०६, ११५, ११८, ११८, ११३. पाचव्या सकाळपर्यंतही दुसरं पिल्लू तसं बरं दिसेल. जन्मतः तेच मोठं होतं, हातात घेतलं तर अजूनही भरलेलं लागतं. काळजी कधी सुरू व्हायला हवी होती? ११३ वर उतरलं तेव्हा नाही. ११५ नंतर ११८ आले तेव्हा. नऊ ग्रॅमने वाढणारं पिल्लू अचानक तीन ग्रॅमने वाढलं, हा पहिला इशारा. त्या दिवशीच त्याला दर वेळी आईच्या भरलेल्या सडाशी लावलं असतं, बाकीची भावंडं थोडा वेळ बाजूला ठेवली असती आणि अंगाची ऊब तपासली असती, तर पुढची घसरण कदाचित झालीच नसती.

मी वापरत असलेला नियम साधा आहे. वाढ निम्म्यावर आली तर लक्ष वाढवायचं: दर चार-सहा तासांनी वजन, दूध पिताना समोर बसून पाहणं. लागोपाठ दोन वेळा वजन तेवढंच राहिलं तर वरून दूध द्यायला सुरुवात करायची आणि पशुवैद्यांना फोन करायचा. पहिल्या दिवसानंतर वजन उतरलं तर त्याच दिवशी दाखवायचं. सर्वाधिक वजनाच्या दहा टक्के घट झाली, म्हणजे १२० चं १०८ झालं, तर रात्र आहे का दिवस हे पाहायचं नाही.

सगळ्या पिल्लांचं वजन एकाच वेळी अडलं असेल तर दोष बहुधा पिल्लांत नसतो. आईकडे पाहा. एखादा सड लाल, गरम, दगडासारखा कडक झाला आहे का? ती खाते का? दूध पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. तिला थरथर सुटली, पाय ताठ झाले, धाप लागली तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं आणि तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं लागतं. एकाच पिल्लाचं अडलं असेल तर त्या पिल्लाचं तोंड, टाळू, छाती, पोट तपासा. उलट दिशेने, वजन नेटाने वाढतंय पण पोट टम्म आणि हातपाय काडीसारखे असं दिसलं तर जंतांची शंका घ्यावी.

आधी ऊब, मग दूध

पिल्लू मलूल दिसलं की घरातला पहिला माणूस धावत दूध आणतो. माया समजते, पण गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं धोक्याचं आहे. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, पुढे थांबते. पोटात गेलेलं दूध तिथेच राहतं, आंबतं, फुगतं, आणि उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. गार पिल्लाची चोखण्या-गिळण्याची ताकदही गेलेली असते.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. शरीर तापवण्याची ती यंत्रणा अजून सुरू झालेली नसते. ऊब बाहेरूनच मिळते: आईच्या पोटातून, भावंडांच्या ढिगातून किंवा तुम्ही केलेल्या सोयीतून. पहिल्या आठवड्यात गुदद्वारातून मोजलेलं तापमान ३५ ते ३७ अंश हे ठीक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ३६ ते ३७.७. चौथ्या आठवड्यापर्यंत ते मोठ्या मांजराइतकं, म्हणजे ३८ ते ३९ च्या घरात येतं. मोजताना मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन आणि आत फक्त अर्धा-एक सेंटिमीटर. जोर अजिबात नाही. थर्मामीटर हाताशी नसेल तर करंगळीचं टोक पिल्लाच्या तोंडात घालून पाहा. आतून गार लागलं तर पिल्लू गार पडलेलं आहे, मग पाठ उबदार लागली तरी.

पिल्लं राहतात त्या जागेचं तापमान पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश असावं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २७ ते २९, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत हळूहळू २४ वर आणावं. आई सोबत असेल तर खोली इतकी तापवायची गरज नसते, झोत नसलेला कोपरा पुरतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. पिशवी गार होते हे लक्षात ठेवून पाणी बदलत राहा, नाहीतर तीच पिशवी पिल्लाची ऊब शोषून घेऊ लागते. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. सगळी चारी दिशांना पसरली असतील, धापा टाकत असतील, अंग लालसर दिसत असेल तर उकाडा झाला आहे. सैलसर, एकमेकांना टेकून झोपलेली पिल्लं हे बरोबर तापमानाचं चिन्ह.

गार पडलेल्या पिल्लाला घाईने तापवायचं नाही. शर्टाच्या आत, आपल्या छातीशी कातडीला लागून धरा, वरून पांघरूण घ्या. ऊब येईपर्यंत एक ते तीन तास लागू देत. हेअर ड्रायर, कडक गरम पिशवी, थेट दिव्याखाली ठेवणं या सगळ्याने नाजूक कातडी भाजते आणि रक्तदाबही एकाएकी घसरू शकतो. अधूनमधून कूस बदला. पिल्लू लुळं पडलं असेल तर साखर उतरलेली असण्याची शक्यता मोठी, म्हणून कोमट पाण्यात विरघळवलेल्या ग्लुकोजचा किंवा साखरेचा एखादा थेंब बोटाने हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका. अंगात ऊब आली, मान उचलून तोंडाने शोधायला लागलं, करंगळी दिल्यावर चोखू लागलं की मग दूध. हे सगळं चालू असताना घरातल्या दुसऱ्या कोणीतरी डॉक्टरांना फोन लावलेला असावा.

वजन करतानाची तपासणी

पिल्लू हातात आलेलंच आहे तर तेवढ्यात नाकापासून शेपटीपर्यंत नजर फिरवा. सवयीने अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

हिरड्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. पांढुरक्या असतील तर रक्त कमी, निळसर-राखाडी असतील तर ऑक्सिजन कमी, कोरड्या चिकट असतील तर अंगातलं पाणी कमी. मोठ्या मांजराची मानेची कातडी चिमटीत धरून ती किती लवकर मागे जाते हे पाहतात, पण इतक्या लहान पिल्लांत ती चाचणी भरवशाची नाही. त्याऐवजी लघवीचा रंग पाहा. नवजात पिल्लाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. लालसर-तपकिरी लघवी दिसली, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, तर आई आणि पिल्लाचा रक्तगट न जुळल्यामुळे पिल्लाच्या तांबड्या पेशी फुटत असण्याची शक्यता असते. बी रक्तगटाच्या मांजरीला ए रक्तगटाची पिल्लं झाली की हे घडतं, आणि ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स अशा जातींत बी गट जास्त आढळतो. अशा वेळी पिल्लाला आईपासून लगेच बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जावं लागतं.

जन्मानंतर एकदा तोंड उघडून टाळू जरूर पाहा. टाळूला फट असेल तर पिताना दूध नाकातून येतं. नाळेची जागा कोरडी हवी. तिथे सूज, लाली, पू किंवा वास असेल तर संसर्ग आहे. अर्धवट सुकलेली नाळ ओढून काढू नका.

डोळे अजून मिटलेले असताना एखादी पापणी आतून फुगल्यासारखी दिसली, कडेने पू झिरपला, तर डोळा उघडायची वाट पाहायची नाही. आत साठलेला पू बुबुळ खराब करतो. मिटलेले डोळे जबरदस्तीने उघडायचेही नाहीत. उघडलेला डोळा चिकटला असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

श्वास झोपेत मोजा, मिनिटाला साधारण १५ ते ३५. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं कधीच चालवून घेऊ नये. झोपेत पाय झटकणं, मिशा फडफडणं, अंग दचकणं हे मात्र अगदी निरोगी लक्षण आहे. नव्या माणसाला ती फिट वाटते आणि तो हादरतो. उलट अजिबात न फडफडणारं, सपाट पडलेलं पिल्लू काळजीचं.

शीचा रंग पहिल्या दिवशी काळपट, नंतर मोहरीसारखा पिवळा ते फिकट तपकिरी, आणि घट्टपणा टूथपेस्टएवढा. पाण्यासारखी पातळ, हिरवी, पांढरी-राखाडी किंवा रक्ताची शी असेल तर दाखवावं लागतं. शंभर-दीडशे ग्रॅमच्या पिल्लाला जुलाब काही तासांत कोरडं करू शकतात.

शेवटी आवाज. भूक लागली की पिल्लू ओरडतं, दूध मिळालं की थांबतं. दूध मिळूनही न थांबणारं केविलवाणं ओरडणं, किंवा भावंडं गलका करत असताना एकाचंच गप्प राहणं, दोन्ही वहीत लिहा.

आई जवळ असेल तर

पहिल्या दिवसातलं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिल्लाला पुन्हा मिळणारी गोष्ट नाही. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जाण्याची वाट सुमारे १६ ते २४ तासांत बंद होते. म्हणून जन्मल्या दिवशी वजनाइतकंच, प्रत्येक पिल्लू खरोखर चोखतंय ना याकडे लक्ष द्या. नुसतं सडाला तोंड लावून पडलेलं पिल्लू फसवतं. गिळण्याची हालचाल गळ्याशी दिसते.

माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लांना टाकते, असं सर्रास सांगितलं जातं. माणसांत वावरलेली मांजरी एवढ्याने पिल्लं टाकत नाही. पण सतत उचलाउचली, अनोळखी माणसांची गर्दी, कुत्र्याचा वावर यांनी ती बिथरते आणि सात घरं फिरवण्याचा तिचा कार्यक्रम खरंच सुरू होतो. ती खायला किंवा शी-शूला उठली की तेवढ्यात वजनं उरका. हात धुतलेले आणि गरम असावेत, अत्तर-साबणाचा उग्र वास नको. एक पिल्लू काट्यावर असताना बाकीची जागेवरच राहू द्या.

आई नसेल तर

बाटलीवरच्या पिल्लांसाठी मांजरपिल्लांची दूध पावडर मिळते, तीच वापरा. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गायीच्या दुधापेक्षा बरेच जास्त असतात. गायीचं दूध पाजलेलं पिल्लू पोट भरूनही वाढत नाही आणि पुष्कळदा जुलाबांनी खचतं.

किती पाजायचं याचा ढोबळ हिशेब: दिवसभरात १०० ग्रॅम वजनामागे २० ते २५ मिली आणि एका वेळेला १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या आसपास. म्हणजे १५० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ३० ते ३७ मिली, एका वेळी जास्तीत जास्त ६. पावडरीप्रमाणे दुधाचा कस बदलतो, म्हणून डब्यावरचं प्रमाण प्रमुख माना. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. वजन रोज बदलतं, तसा हा हिशेबही रोज नव्याने मांडायचा. परवाच्या वजनावर आजचं दूध पाजत राहिलं की पिल्लू थोडं थोडं उपाशी राहतं आणि वाढ का अडली ते कळत नाही.

दूध अंगाइतकं कोमट, सुमारे ३८ अंश. पिल्लू पोटावर, आईजवळ पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही. उताण्या पिल्लाच्या श्वासनलिकेत दूध जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. सिरिंज वापरत असाल तर दट्ट्या पिल्लाच्या चोखण्याच्या गतीने सरकू द्या. नाकातून दूध आलं तर थांबा, तोंड किंचित खाली करून पुसून घ्या, आणि पुढचा दिवसभर श्वासाकडे लक्ष ठेवा.

इथे काट्याचा एक जास्तीचा उपयोग होतो. पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर लगेच वजन करा. एक मिली दूध म्हणजे जवळपास एक ग्रॅम. सिरिंजमधून ६ मिली संपले पण वजन ३ ग्रॅमनेच वाढलं, तर उरलेलं दूध हनुवटीवर आणि तुमच्या फडक्यात आहे. दोन्ही वजनांच्या मध्ये शी-शू करवू नका, नाहीतर हिशेब चुकतो. आईसोबतच्या पिल्लाला दूध मिळतंय का, हीही शंका याच पद्धतीने फिटते.

तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटून करवते. आई नसेल तर कोमट ओल्या कापसाने मागचा भाग हलक्या हाताने चोळा. शू प्रत्येक वेळी व्हायला हवी. शी दिवसातून एकदा-दोनदा झाली तरी चालते.

पिसवा, जंत आणि औषधं

थोड्याशा पिसवाही एवढ्याशा पिल्लाचं रक्त इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात आणि वजन अडतं. नवजात पिल्लावर पिसवांची औषधं वापरू नका. कुत्र्यांसाठीची तर घरात जपूनच ठेवा, कारण त्यांतल्या काहींत असलेलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषासारखं बाधतं. बारीक दातांची फणी, खाली ओलं पांढरं फडकं, रोज अंथरूण बदलणं आणि गरम पाण्यात धुणं, हेच साधन. पिसवा फार असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य साबणाने झटपट अंघोळ, आणि लगेच पूर्ण कोरडं करून ऊब.

गोल जंत आईच्या दुधातून येतात, त्यामुळे कधी घराबाहेर न पडलेल्या पिल्लालाही ते असतात. जंताचं औषध साधारण दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी देतात. मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. तापावर घरातली पॅरासिटॅमॉल तर कुठल्याच वयाच्या मांजराला नको, छोटा तुकडाही जीवघेणा ठरतो.

वेळ न दवडता कधी निघायचं

अंग तासाभरात उबेकडे झुकतच नसेल. तोंडाने श्वास, आचके, निळसर हिरड्या. चोखण्याची प्रतिक्रियाच गेली असेल. लाल-तपकिरी लघवी, रक्ताची शी, पोट फुगून कडक झालेलं. मिटलेल्या पापणीखाली फुगवटा. वजनात दहा टक्के घट. यातलं एकही दिसलं की निघा. जाताना पिल्लू गरम पिशवीसह खोक्यात, आणि वहीचं त्या पिल्लाचं पान सोबत. ‘दोन दिवसांपासून जरा सुस्त आहे’ यापेक्षा ‘परवा संध्याकाळी १३२, काल सकाळी १३३, काल संध्याकाळी १२९, तापमान ३५.२’ ही माहिती डॉक्टरांना कितीतरी उपयोगी पडते. भावंडांची पानंही न्या. दुखणं एकट्याचं की सगळ्यांचं, हे त्यांना चटकन कळेल.

चौथ्या आठवड्यानंतर

दूध सुटून मऊ खाणं सुरू होताना वाढ एक-दोन दिवस मंदावते. पिल्लू खाण्यात चालतं, तोंड माखतं, थाळी रिकामी दिसते आणि पोटात फारसं गेलेलं नसतं. आठवड्यातून दोनदा वजन करायला लागला असाल तर या दिवसांत पुन्हा रोज करा. दोन दिवसांनंतरही वाढ परतली नाही तर दूध चालू ठेवा आणि खाणं हळूहळू वाढवा.

सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लसीकरण सुरू होतं आणि तिथून पुढे डॉक्टर प्रत्येक भेटीत वजन करतातच. पिल्लू दुसऱ्या घरी जाणार असेल तर वहीतल्या त्याच्या पानाचा फोटो नव्या माणसांना पाठवा. त्यावर जंताचं औषध कोणत्या तारखेला किती दिलं आणि शेवटचं वजन कोणत्या काट्यावर केलं हे लिहिलेलं असावं. दोन काट्यांत वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज असू शकतो. तेव्हा नव्या घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी तिथल्या काट्यावर वजन करून घ्यायला सांगा, आणि पुढची तुलना त्या आकड्याशी करा.